कंदिलाची काच

गुरुवार, २४ जुलै

आज दिव्याची अवस. समया, निरांजनं, लामणदिवा असे घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले. माळ्यावरचा कंदीलही उतरवला. ओगल्यांचा प्रभाकर कंदील. वीज आल्यावरही आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो टाकू दिलेला नाही. पत्र्याला गंज चढलाय, पण काच शाबूत आहे.

बंबातली राख आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन मी काच पुसली. फुगीर पोट लख्ख झालं. वरच्या तोंडाशी आतून बसलेली काजळी मात्र निघाली नाही. "राहू दे," आई म्हणाल्या, "ती आता काचेचीच झाली." पूजा झाली, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य झाला. काच बाजूला काढून मी खिडकीत ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. पोटातून पलीकडची भिंत दिसत होती, तोंडाशी तपकिरी धूसर पट्टा होता, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी काच होती.

श्रावणात हिचंच चित्र करायचं. आख्खा कंदील नको. पत्र्याची चौकट आली की नजर पत्र्यावरच खिळते. नुसती काच, जलरंगात.

शुक्रवार, २५ जुलै

उत्तरेच्या खिडकीशी मेज लावलं. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून वस्तुचित्राला तोच बरा. शिवाय पावसाळी आभाळ. ऊन नाही, त्यामुळे कडक सावली नाही.

मागे काय ठेवायचं यावर सकाळ गेली. नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर काचेच्या कडा गडद रेषांनी उठून दिसत होत्या आणि मधलं पोट भिंतीत विरून जात होतं. मागे काळी घोंगडी टांगली तर सगळं उलटं झालं, कडा उजळल्या. काच तीच, जागा तीच, बदललं ते फक्त मागचं. पोटातून आपण जवळजवळ सरळ पलीकडे बघतो. कडेशी काच आपल्या नजरेला फार तिरकी येते. तिथे उजेड वाकतो, परततो आणि बाजूचं, लांबचं काहीबाही त्या चिंचोळ्या पट्टीत गोळा होतं. पाठीमागे पांढरं असेल तर कडेत खोलीचा अंधार येतो, काळं असेल तर खिडकीचा उजेड येतो.

शेवटी घोंगडी अर्धीच ठेवली. काचेची डावी बाजू घोंगडीसमोर, उजवी भिंतीसमोर. खिडकी डाव्या हाताला. आता डावी कड उजळ आहे, उजवी गडद. एकाच चित्रात दोन्ही रीती येतील.

रविवार, २७ जुलै

शेजारची मुलगी आली होती. आठवीत आहे, यंदा इलेमेंटरीला बसणार आहे. वस्तुचित्राचा सराव करायचा म्हणाली. तिलाही माझ्याशेजारी बसवलं.

तिनं काचेचं वरचं तोंड काढलं ते दोन्ही टोकांना बदामासारखं टोकदार. खालचं तोंड सरळ रेघेनं बंद केलं. बहुतेक मुलं असंच काढतात, कारण काच मेजावर सपाट टेकली आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि हात डोळ्यांपेक्षा त्या माहितीचं जास्त ऐकतो. तिला म्हटलं, "आधी उभी मध्यरेषा मार. मग वरचं लंबवर्तुळ, मग खालचं. टोक कुठेच नाही, सगळीकडे वळणच."

"काकू, खालचं वरच्यापेक्षा गोल का दिसतं?"

तिला उभं केलं. मग बसवलं. मग हनुवटी मेजाला टेकवून बघायला लावलं. वरचं तोंड नजरेच्या पातळीवर आलं तसं ते मिटत मिटत एका रेघेवर आलं. खालचं तोंड नजरेपासून जितकं खाली, तितकं ते उघडं दिसतं. हे तिला एकदा दिसलं, आता पुन्हा सांगावं लागणार नाही.

काचेत एक अवघड गोष्ट जास्तीची असते. तांब्याचं किंवा बादलीचं मागलं अंग दिसत नाही, काचेचं दिसतं. म्हणजे दोन्ही लंबवर्तुळं पुरी काढायची, आणि प्रत्येकाच्या आत काचेच्या जाडीचं आणखी एक. ही दुहेरी रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर नसते. दोन्ही बाजूंना जाडी जास्त दिसते, समोर आणि मागे कमी. ही एक गोष्ट नेमकी आली की रंग लागायच्या आधीच वस्तू काचेची वाटू लागते.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. पुरणाची दिंडं केली, त्यामुळे दुपारपर्यंत कागदाला हात लागला नाही. नंतर हाताच्या तळव्याएवढा एक कच्चा आराखडा, एकाच रंगात: कोरा कागद, मधली करडी छटा आणि गडद. तिनाचीच वाटणी. काचेच्या चित्रात हेच आधी ठरवावं लागतं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पाहुण्यांना गाडीवर बसवायला स्टेशनवर गेले होते. कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीत आहे. ज्या काचेसमोर मी रोज बसते, ती याच गावची.

आपल्याकडे काचेच्या धंद्याला बळ आलं ते स्वदेशीच्या चळवळीतून. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. तिथे माल तर व्हायचाच, पण मुलांना काचकामाचं शिक्षणही मिळायचं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारी काच अडली, आणि त्याच सुमारास ओगले बंधूंनी इथे कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला. विजेआधीच्या महाराष्ट्रात कित्येक घरांतला अभ्यास, बाळंतपणं, गोठ्यातल्या रात्रीच्या फेऱ्या या उजेडात झाल्या.

ओगल्यांना उत्तेजन देणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणावर चित्रं काढली आणि औंधला चित्रं-शिल्पांचं संग्रहालय उभारलं, ते १९३८ पासून आजवर लोकांना खुलं आहे. कारखाना आणि चित्रशाळा या दोन्ही गोष्टी प्रजेला हव्यात असं या राजाला वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. काच कारखाना बंद पडून आता बराच काळ लोटला. गावाला नाव मात्र त्याचंच राहिलं आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

रंग ठरवायचा दिवस. काचेला रंग नसतो असं आपण सहज म्हणतो. ही काच उचलून खालच्या तोंडाच्या कडेकडे बघितलं तर हिरवा रंग स्वच्छ दिसतो. वाळूत लोहाचा अंश असतो, तो काचेत उतरतो. पोटाची काच पातळ, तिच्यातून उजेड क्षणात पार होतो, म्हणून तिथे हिरवं जाणवत नाही. कडेत मात्र उजेड काचेच्या आतूनच बराच लांब चालत येतो, आणि तेवढ्या वाटेत तो हिरवा होतो.

डब्यातला तयार हिरवा इथे चालत नाही, तो पानाचा हिरवा. व्हिरिडियन घेतला, त्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाकून तो मळवला, भरपूर पाणी घातलं. जवळपास जमला. व्हिरिडियनची आणखी एक सोय आहे. वाळल्यावरही ओल्या ब्रशनं तो बराचसा उचलता येतो. थॅलो हिरवा कागदात मुरला की मुरला.

करड्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. दोघांचं प्रमाण हलवलं की करडा थंड होतो किंवा ऊबदार होतो. भिंतीकडच्या बाजूला थंड, काजळीच्या बाजूला ऊबदार. घोंगडीलाही हीच जोडी, फक्त पाणी अगदी कमी. काळा रंग पॅलेटवर काढलाच नाही. दोन रंगांच्या मिश्रणातून आलेल्या गडदात खोली असते, नळीतला काळा बसका दिसतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

कागद ताणून बसवला. ३०० जीएसएम, सुती लगद्याचा, मध्यम खरबरीत. चारी कडांना टेप. पेन्सिल अगदी हलकी, कारण पारदर्शक रंगाखाली रेघ लपत नाही.

रंग लावण्याआधी खिडकीची प्रतिबिंबं नीट पाहिली. ती दोन आहेत. एक डाव्या खांद्यावर, काचेच्या बाहेरच्या फुगीर अंगावर: उंच, वाकलेलं, सुलट. गजांच्या उभ्या रेघासुद्धा त्यात मोजता येतात. दुसरं उजवीकडे, काचेच्या मागल्या बाजूच्या आतल्या खोलगट अंगावर: लहान, फिकट आणि उलटं. मान हलवली की दोन्ही सरकतात, पण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. हे दुसरं प्रतिबिंब पुष्कळ चित्रांत नसतं, आणि तेवढ्यानं काच भरीव गोळ्यासारखी दिसते. आतून पोकळ आहे हे तेच सांगतं.

समोरून सरळ येणाऱ्या उजेडातला शेकडा चारच्या आसपास भागच काचेच्या एका पृष्ठावरून परत येतो. तेवढ्यानंही तो ठिपका एवढा झळाळतो, कारण खोलीच्या मानानं आभाळ फार उजळ असतं. चित्रात आभाळाचा उजेड कुठून आणणार? कागदाच्या पांढऱ्याहून पांढरं जलरंगात काही नाही. म्हणून आजूबाजूचं सगळं एकेक पायरी खाली उतरवायचं, भिंतसुद्धा. मी पांढऱ्या भिंतीला हलका करडा वॉश दिला तेव्हा ते दोन कोरे ठिपके आपोआप पेटले.

तैलरंगाची रीत याच्या उलट. व्हेलास्क्वेझचं सेव्हिलच्या पाणक्याचं चित्र, १६२० च्या सुमाराचं, लंडनच्या ॲप्सली हाउसमध्ये आहे. त्यात पाणक्याच्या हातात काचेचा पेला आहे आणि पेल्यातल्या पाण्यात अंजीर. तैलरंगात गडदावर उजेड सगळ्यात शेवटी ठेवता येतो, पांढऱ्या रंगाच्या एका ठसठशीत फटकाऱ्यानं. जलरंगात तो पहिल्या वॉशच्या आधी ठरवून राखावा लागतो. रबरी मास्किंगचं द्रावण मिळतं, ते लावून जागा झाकता येते. पण ते सोलून काढल्यावर राहणारी कड फार करकरीत असते. खांद्यावरच्या प्रतिबिंबाची एक बाजू तीक्ष्ण आहे, दुसरी विरघळलेली. ब्रशनंच वळसा घालून राखलं की दोन्ही मिळतात: एक बाजू कोरड्या कागदावर, दुसरी ओल्यावर.

पाऊस लागून राहिला आहे. हवेत इतका ओलावा की वॉश वाळता वाळत नाही. घाई नसेल तर हा ओलावा कामाचा असतो. पोटातल्या छटेला एकातून दुसरीत जायला पुरेसा वेळ मिळाला.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. नारळीभाताचा वास घरभर. दुपारी काजळीला हात घातला.

काजळी एका बाजूला जास्त आहे, उजवीकडे बोटभर खाली उतरलेली. असं का, ते आईंना विचारलं. त्या खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

"वात तिरकी कातरली असणार. सरळ कातरली तर ज्योत सपाट राहते. एक कोपरा वर राहिला की तिथे शिंग फुटतं, आणि त्या अंगाला काच काळी होते."

मग त्या सांगतच गेल्या. तिन्हीसांजेच्या आधी काच पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. हे काम लग्नाआधी माहेरी त्यांच्याकडे होतं. हात लहान, आत सहज जायचा, म्हणून काच पुसायला घरातली पोरंच लागायची. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, टचकन तडकते. वात फार मोठी करायची नाही. काच बसवल्याशिवाय ज्योत वाढवायचीच नाही, नुसता धूर होतो.

हा शेवटचा नियम त्यांच्या हातांना माहीत होता, त्याचं कारण हवेच्या चालीत आहे. काचेच्या आत तापलेली हवा वर निघून जाते, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योतीला भरपूर प्राणवायू मिळतो, आणि जे काजळी म्हणून उडून गेलं असतं ते जळून उजेड देतं. जिनिव्हाच्या आर्गांनं १७८० च्या दशकात गोल वातीचा दिवा केला तेव्हा याचसाठी त्यावर काचेची नळी आली. म्हणजे काच नुसती वाऱ्याला अडवत नाही, ज्योतीला श्वास देते. वरचं तोंड उघडं का, हे कळलं तेव्हा माझं त्या लंबवर्तुळाकडे बघणं बदललं. ते तोंड ही त्या वस्तूची वाट आहे, तिथून रोज हवा गेली आहे.

काजळी सपाट नाही. अगदी काठाशी गडद तपकिरी, खाली येता येता सोनेरी, मग धुरकट, मग काहीच नाही. आधी ओल्या कागदावर बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश, काठाकडे अल्ट्रामरीन मिसळून. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं कागदाच्या खरबरीतपणावरून आडवं घासलं. फडक्याच्या जुन्या खुणा होत्या तिथे ओल्या ब्रशनं रंग उचलला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसले आणि काजळीचा पोत त्यांनीच दिला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

गडद भाग. आधी घोंगडी.

जलरंग वाळला की फिका पडतो. ओला असताना योग्य वाटलेला गडद दुसऱ्या दिवशी करडा दिसतो. म्हणून भरल्या ब्रशनं, मन घट्ट करून, दिसतो त्याहून गडद लावायचा. डाव्या कडेची हिरवट उजळ रेघ राखत, तिला चिकटून, वरपासून खालपर्यंत एका दमात घोंगडी उतरवली. काचेतून दिसणारी घोंगडी बाहेरच्यापेक्षा किंचित फिकी ठेवली. काचेच्या पृष्ठांवरून परतणारा उजेड तिच्यावर पसरलेला असतो. तेवढ्या एका छटेच्या फरकानं मधली जागा काच झाली.

उजव्या कडेला उलट काम. एक गडद रेघ, पण अखंड नाही. खांद्याशी जाड, पोटाशी केसाएवढी, मध्ये दोन ठिकाणी तुटलेली. शाळेत आपण वस्तूभोवती सारख्या जाडीची बाह्यरेषा काढायला शिकतो. काच ती सवय मोडायला लावते, आणि माझ्या मते यासाठीच ती प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी रंगवावी.

पोटावर खाली उजवीकडे एक बुडबुडा आहे, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. वितळलेल्या काचेत अडकलेली ही हवा कारखाना चालू असल्या दिवसांतली. त्याची एक बाजू गडद, एक उजळ. सगळ्यात बारीक ब्रशचे दोन स्पर्श.

रविवार, १७ ऑगस्ट

काल रात्री वीज गेली. आई म्हणाल्या, कंदील लाव. काच पुन्हा चौकटीत बसवली, वात सरळ कातरली, पेटवलं. पेटल्या कंदिलाची काच दिसतच नाही, दिसते ज्योत. आणि आत बसलेली काजळी मागून उजेड आल्यावर मधासारखी झळकते. दिवसा जो डाग वाटतो, तोच रात्री त्या काचेचा सगळ्यात सुंदर भाग असतो.

उजेडात बसून हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवत होते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२ चा, सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे हे पुष्कळांना समोर उभं राहूनही खरं वाटत नाही. त्यांच्या मुलीला समोर उभं करून ते केलेलं. दिव्याला तळहाताची आड आहे आणि बोटांच्या कडांतून उजेड तांबूस झिरपतो. त्या दिव्याला काच नाही. काचेचं काम तिथे हात करतो. अंगावरची साडी, चेहऱ्याची एक बाजू, मागचा काळोख, सगळं एका ज्योतीच्या हिशेबानं पायरी पायरीनं गडद होत गेलेलं. जलरंगात एवढा गडद चढवूनही मळका होऊ न देणं ही त्या हाताची ताकद. कोणी म्हणालं की जलरंग हा हलक्याफुलक्या निसर्गचित्रांचा प्रकार आहे, तर त्याला म्हैसूरला जायला सांगावं.

बुधवार, २० ऑगस्ट

चित्र पुरं झालं. टेप सोडवली, सही केली. शेजारच्या मुलीचंही झालं. तिच्या चित्रात लंबवर्तुळं किंचित कललेली आहेत, पण आतलं उलटं प्रतिबिंब तिनं न सांगता टिपलंय आणि काजळी उजवीकडे खाली उतरवली आहे. मी विचारलं, "एका बाजूलाच का गं?" ती म्हणाली, "आजी म्हणाल्या ना, वात तिरकी होती." ती काच तिनं बघितली, आणि तिच्याबद्दल ऐकलंही.

या श्रावणात मला पटलं ते एवढंच. गुळगुळीत, चकचकीत काच रंगवणं ही युक्ती आहे आणि युक्ती कोणालाही शिकवता येते. पण हीच काच, हिच्याच हिरव्या कडेची, हिच्याच बुडबुड्याची, एका बाजूनं काजळलेली, रंगवायची असेल तर ती कशासाठी घडवली, कोणी पुसली, कशानं काळी झाली हे विचारावं लागतं. चित्रातला खरेपणा निम्मा डोळ्यांचा आणि निम्मा या विचारपुशीचा आहे.

म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. वस्तुचित्राच्या तासाला तांब्या, बादली, कांदे-बटाटे मांडता, ते जरूर मांडा. पण वर्षातून एकदा वर्गात काचेची एखादी वापरातली वस्तू ठेवा: लोणच्याची बरणी, चहाचा ग्लास, दौत, जे मिळेल ते. मागे अर्धा काळा कपडा लावा. आणि ती वस्तू घरात कोण वापरायचं, हे मुलांना आजीला विचारून यायला सांगा, मगच रंग भिजवू द्या.